गाळाचे गणित आणि भूमिहीनांचा वाटा

मृगाचा पहिला दणका बसला की खडकपूर्णेचे पाणी चहासारखे होते. पाणी कसले, शेताशेतांतून निघालेली मातीच ती! बुलडाणा जिल्ह्यात देऊळगाव महीजवळ ती धरणात अडते. त्या जलाशयाला संत चोखा सागर म्हणतात. चोखोबांचे मेहुणा राजा याच परिसरातले. जलाशयाला नाव चोखोबांचे. पण तळाशी साचणाऱ्या गाळात चोखोबांच्या लेकरांचा वाटा किती, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही, गणिताचाही आहे. शांत पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली बसतो, याचा नियम स्टोक्सने १८५१ साली मांडला. कणाची जाडी निम्मी झाली की वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून वाळू जलाशयाच्या वरच्या तोंडाशीच पडते आणि काळी चिकण माती पार भिंतीपर्यंत जाते. पण पुराचे पाणी शांत नसते. त्यात भोवऱ्याच्या पोटात भोवरे असतात. खाली बसू पाहणाऱ्या कणाला ते पुन्हा वर उचलतात. एवढ्या पाण्यातला प्रत्येक भोवरा मोजणे आजच्या महासंगणकालाही जमत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पाण्याचे लहान लहान चौकोन पाडतात, मोठे प्रवाह मोजतात आणि बारीक भोवऱ्यांचा परिणाम सूत्राने धरतात. मग गाळ कोठे आणि किती साचेल, याचे चित्र संगणकावर उभे राहते. ते प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावे लागतेच. १९१६ साली सुरू झालेली खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था नद्या-धरणांची अशी गणिते करते.

यात आमच्या माणसाचे काय? पाणी ओसरू लागले की जलाशयाच्या काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती भाडेपट्ट्याने देताना प्रकल्पग्रस्तांचा आणि भूमिहीनांचा विचार आधी व्हावा, हे शासनाचेच धोरण आहे. गाळ कोठे चढणार हे ज्याला आधी कळते, त्याला उद्याची जमीनही आधी दिसते. आमच्या माणसाला ती दिसते तेव्हा तिच्यात दुसऱ्याचे औत फिरलेले असते.

उपसलेल्या गाळाचीही तीच गत. २०१७ साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. योजना चांगली आहे, धरण रिकामे होते, शेत सुपीक होते. पण ज्याला शेत त्यालाच गाळ! ज्याला शेतच नाही त्याने तो काय झोपडीच्या दारात टाकायचा?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडेच होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांना त्यांनी दिशा दिली. केंद्रीय जल आयोगाचा पाया १९४५ साली त्यांच्याच काळात घातला गेला. पाण्याचे शास्त्र त्यांनी तज्ज्ञांवर सोडून दिले नाही, स्वतः समजून घेतले. पुढे १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी देशभर तुरुंग भरले. या दोन्ही वाटा गाळपेरीच्या जमिनीवर एकत्र येतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक धरणाच्या गाळाची मोजणी आणि संगणकाचे अंदाज मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गाळपेरीची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या मुला-मुलींनाही सांगणे आहे, नोकरीच्या मागे धावताना हा विषय अवघड म्हणून सोडू नका. वस्तीत येऊन हे आकडे वाचून दाखवणारा आपला माणूस हवा आहे.

महाडला १९२७ साली आम्ही पाण्याला हात लावला. आता पाण्याच्या हिशेबालाही हात लावावा लागेल.