दोन नंबरचा सिलिंडर

परवा मुलुंडहून घाटकोपरला येताना गाडी आचके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. नुसता जळत राहिला तर एक वेळ ठीक. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतंय. गाडी टो करून गॅरेजात नेली.

एस्टिमेट : चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर सफाई... २८,००० रुपये!

"कोड काय आला?"
"मिसफायर, साहेब."

अहो, पण कुठल्या सिलिंडरचा? परत स्कॅनर लावायला लावला. पी०३०२. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर. बग एका फंक्शनमधे, आणि हे आख्खा प्रोग्राम नव्याने लिहायला निघालेले!

म्हटलं, दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करून बघा. कोड पी०३०३ झाला. म्हणजे कॉइलच. (कोड हलला नसता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं शोधत बसावं लागलं असतं.) ३,२०० रुपयांत भागलं.

मेकॅनिकला चोर म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. नुसत्या तपासणीचे ५०० मागितले तर आपणच कुरकुरतो, मग तो ते पार्ट्समधूनच काढणार ना! मी ते ५०० वेगळे लावायला सांगितले. तर बिलात त्यासाठी रकानाच नव्हता.