अर्धशिशी आणि रक्ताचा अहवाल

दहा-अकरा वर्षांचे मूल भर दुपारी शाळेतून घरी येते, अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडते, एक-दोनदा ओकते आणि झोपून उठले की संध्याकाळी खेळायला पळते. घरात तर्क निघतात : डोळ्यांचा नंबर वाढला असावा, नाही तर गणिताची परीक्षा जवळ आली असावी. असे चार-पाच वेळा झाले की रक्त तपासण्याचे ठरते. आणि अहवालात काही निघाले नाही, की मुलाचे ढोंग सिद्ध झाल्यासारखे सर्वांना वाटते!

वस्तुतः अर्धशिशीचे निदान करणारी रक्ताची चाचणी अस्तित्वातच नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेचे २०१८ चे निकष रुग्णाच्या हकिगतीवर उभे आहेत : किमान पाच झटके, डोक्यात ठणका, मळमळ, उजेड व आवाज असह्य होणे. प्रौढांत झटका किमान चार तासांचा धरतात, मुलांत दोन तासही पुरतात. ‘अर्ध’ हा शब्दही मुलांच्या बाबतीत फसवाच. त्यांचे डोके बहुधा दोन्ही बाजूंनी दुखते.

रक्तातील खुणांचा शोध निरर्थक आहे, असे मात्र नव्हे. झटका चालू असताना मानेच्या नीलेतील रक्तात ‘सीजीआरपी’ हे द्रव्य वाढलेले १९९० मध्ये आढळले आणि त्या धाग्यावरून पुढे नवी औषधे निघाली. पण त्याच वेळी दंडातून काढलेल्या रक्तात ती वाढ दिसली नव्हती. आणि प्रयोगशाळेत रक्त काढतात ते दंडातूनच.

राहता राहिले हिमोग्लोबिन आणि ‘ड’ जीवनसत्त्व. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक मुलींत जी उणीव आहे, ती डोके दुखणाऱ्या मुलीतही सापडणारच. तिच्यावर उपचार अवश्य करावेत. पण तेवढ्यावरून तिला डोकेदुखीचे कारण ठरविणे हा गणिताचा अपराध आहे. ‘गोळ्यांनी गुण आला’ हा पुरावाही कच्चाच. अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या मुलांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन प्रचलित औषधांनी ५२ व ५५ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने वा अधिक कमी झाले. औषध नसलेल्या गोळीने ६१ टक्के मुलांचे!

ताप असेल, दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, रोज सकाळी ओकत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर डॉक्टरांकडे तत्काळ गेले पाहिजे आणि ते सांगतील त्या तपासण्या केल्या पाहिजेत. एरवी पगाराच्या शेवटच्या आठवड्यात तपासण्यांच्या यादीवर खर्च करण्याआधी एक साधी वही घालावी. तारीख, वेळ, किती तास दुखले, आदल्या रात्रीची झोप, चुकलेले जेवण, ओकारी एवढी नोंद पुरे. ती मुलानेच लिहावी, आणि वर्गशिक्षकांनी ती एकदा तरी वाचावी.