रेड्याच्या कातड्यातला माणूस

चित्रकथांमधल्या खलपुरुषांना जनावरांचा फार सोस. कुणाला गिधाडाचे पंख, कुणाला विंचवाची नांगी, तर कुणाला गेंड्याचे कातडे. १९६३ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीने अमेरिकेतल्या 'स्पायडरमॅन'मध्ये असाच एक सरडामाणूस आणला. हा मुळात डॉ. कॉनर्स नावाचा सज्जन शास्त्रज्ञ. युद्धात त्याचा एक हात गेलेला. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा उगवते, मग माणसाचा हात का उगवू नये, या विचाराने तो स्वतःच औषध घेतो. हात उगवतो खरा, पण त्याबरोबर अंगावर खवले येतात आणि मनात क्रौर्यही येते. घरोघरची नातवंडे असल्या गोष्टी जेवणाचे ताट विसरून वाचतात आणि आजी-आजोबा कपाळाला हात लावतात.

वास्तविक आपण सोलापूरकरांनी तरी कपाळाला हात लावायचे कारण नाही. पंचेचाळीसेक किलोमीटरवर तुळजापूर आहे. कोजागिरीच्या सुमारास इथून हजारो माणसे रात्रभर पायी चालत ज्या देवीच्या दर्शनाला जातात, तिच्या पायाशी कोण आहे? महिषासुर. जनावराचे बळ अंगी असलेला खलपुरुष आपल्याकडे केव्हाचा हजर आहे. अमर चित्र कथेने त्याला रंगीत पानांवर आणले ते अलीकडे.

मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात या महाशयांचा पराक्रम वाचावा. खुरांनी जमीन उकरतो, शिंगांनी डोंगर भिरकावतो, शेपटीच्या फटकाऱ्याने समुद्राला काठाबाहेर काढतो. देवीने पाश टाकला की रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा तलवारधारी पुरुष, पुरुषाचा हत्ती आणि हत्तीचा पुन्हा रेडा. आयुष्य बँकेत काढल्यामुळे मला हे रूपांतर ओळखीचे वाटते. एका फर्मच्या नावावर कर्ज बुडवायचे, मग भावाच्या नावाने दुसरी फर्म, पुढे बायकोच्या नावाने तिसरी. पाटी दर वेळी नवी, सही करणारा हात मात्र तोच.

पण खरी गंमत पुढे आहे. शेवटी देवी त्याला पायाखाली दाबते, तेव्हा रेड्याच्या मुखातून तो अर्धा बाहेर येतो आणि त्या क्षणी त्याचे शिर उडते. म्हणजे घाव बसतो तो आत दडलेल्यावर. तुळजापूरच्या मूर्तीतही देवीच्या एका हातात दैत्याची शेंडी आहे. शेंडी रेड्याला नसते, वाचकहो. ती माणसाला असते!

देवीभागवतात त्याच्या वराची कथा येते. देव, दानव, मानव, कोणाही पुरुषाकडून मरण नको, असे त्याने मागून घेतले. स्त्रीचे काय? ती तर अबला, ती काय मला मारणार, असे म्हणून त्याने तिला यादीतून वगळले. करारातले एक कलम तुच्छतेपोटी मोकळे राहिले आणि तिथूनच त्याचा नाश आत आला. ही तुच्छता त्याला रेड्याकडून मिळाली काय? गोठ्यातल्या कुठल्या रेड्याने म्हशीला अबला ठरवल्याचे आपण ऐकले आहे?

उलट मराठी माणसाचे या जनावराशी जुने सख्य आहे. ज्ञानदेवांनी पैठणला वेद वदवले ते रेड्याच्या मुखातून, अशी आपली श्रद्धा. जुन्नर तालुक्यात आळे इथे त्या रेड्याची समाधी दाखवतात. गावोगावच्या बांधांवर शेंदूर फासलेला म्हसोबा बसलेला असतो. हा म्हसोबा आणि महिषासुर मुळात एकच, असे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली मांडले. पुराणाने ज्याला मारले, त्याला शेतकऱ्याने नारळ वाहिला. आणि आपल्या जिल्ह्याची पंढरपुरी म्हैस पाहा. तलवारीसारखी लांबच लांब शिंगे, खांद्याच्याही मागे गेलेली. एखाद्या चित्रकाराने महिषासुराच्या डोक्यावर तीच काढावीत अशी. पण तिचे खरे बळ वेगळेच. दुष्काळात कडब्यावर भागवते आणि तरी घरात दूध देते.

हे सगळे आज सांगायचे कारण असे की, आपली भाषा रोज या जनावरांवर अन्याय करते, आणि त्यात खरा गुन्हेगार सुटतो. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की मथळा येतो, 'पाशवी कृत्य'. आपण म्हणतो, 'तो माणूस नव्हेच, जनावर!' एकदा असे म्हटले की आपली सुटका होते. जनावराला कोणी वाढवलेले नसते, त्याला कोणत्या शाळेने शिकवलेले नसते, त्याच्या घरी बहिणीने ताट वाढायचे आणि त्याने बसून जेवायचे, असा रिवाज नसतो. माणसाच्या बाबतीत मात्र हे सारे विचारावे लागते, आणि ते विचारताना बोट कधी कधी आपल्याच माजघराकडे वळते. पशूला वासना असते, भूक असते. दुसऱ्याला कस्पटासमान मानण्याची कला मात्र माणसाने स्वतःच कमावली आहे.

म्हणून नातवंडांच्या हातून चित्रकथा हिसकावून घेऊ नका. त्यांच्या शेजारी बसून एक पान आपणही वाचा. सरडामाणूस आला की विचारा, याच्यातले वाईट काय ते सरड्याचे की माणसाचे? मग तुळजापूरला न्याल तेव्हा देवीच्या पायाशी बोट दाखवून सांगा, की आईने रेड्याला मारले नाही. रेड्याच्या आडून जो बाहेर येत होता, त्याला तिने ओळखले. मारण्याआधीचे ते ओळखणेच अवघड असते, आणि तेवढे मुलांना आले तरी पुष्कळ झाले.