आमची मापं काढू नका

मराठीत ‘माप काढणं’ याचे दोन अर्थ आहेत. एक शिंप्याच्या दुकानातला आणि दुसरा भांडणातला, म्हणजे समोरच्या माणसाचा पाणउतारा करणं. मूल झालेल्या बाईच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच होऊन जातात. तिला पाहिलं की जो तो तिचं माप काढायला मोकळा! “केवढी सुटलीस गं!” “लग्नातला फोटो बघितला, ओळखूच आली नाहीस.” “पुन्हा गोड बातमी की काय?” “आता साडीच नेसत जा, ड्रेस शोभत नाही तुला.” हे बोलणाऱ्यांत सासू असते, शेजारीण असते, ऑफिसातले साहेब असतात आणि नवरा तर असतोच. बाई कसनुसं हसते आणि पदर पोटावर ओढून घेते.

यावर उपाय सांगायला वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्या तयारच असतात. बाळंतपणानंतरही आत्मविश्वासानं कसं वावरायचं, हा त्यांचा ठरलेला विषय. गडद रंग घाला, उभ्या रेषा निवडा, पोटावर घोळ येईल असा कुर्ता घ्या, आतून आवळून धरणारं अंतर्वस्त्र वापरा. सगळे सल्ले वाचून झाले की कळतं, यांच्या लेखी आत्मविश्वास म्हणजे लपवण्याचं कौशल्य. पोट दिसलं नाही की आत्मविश्वास आला!

मला या सल्ल्याशी भांडायचं आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली दहा वर्षं मी वस्तीत आणि समुपदेशन केंद्रात काम करते आहे. मला दोन मुलं आहेत आणि माझंही माप बदललं आहे. माझं म्हणणं साधं आहे. कपडा अंगाला बसत नसेल तर चूक कपड्याची आहे. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या ती चूक अंगावर घेत आलो आहोत.

आधी शरीराचं बघू. नऊ महिने वाढलेलं गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. पण बाकीचं शरीर या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून लांब जातात. काहींचे काही महिन्यांत जवळ येतात, काहींचे वर्ष झालं तरी येत नाहीत. त्या बाईचं पोट पुढे दिसतं ते चरबीमुळेच असं नाही, स्नायूंचा आधार कमी झाल्यामुळेही दिसतं. त्यासाठी ठरावीक व्यायाम असतात, ते शिकवावे लागतात. नुसता पट्टा आवळून स्नायूंत ताकद येत नाही. कित्येकींच्या छातीचा घेर बदलतो, कमरेचा बदलतो, काहींना तर चपलाही एक नंबर मोठ्या लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. म्हणजे पाचांतल्या एकीहून जास्त बाळंतिणींच्या ओटीपोटावर टाक्यांचा व्रण आहे आणि त्या भागात परकराची नाडी घासू शकते.

आता आपली व्यवस्था बघा. घरच्या रीतीप्रमाणे सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि मालिश. सरकारी रीतीप्रमाणे बेचाळीस दिवस. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई या काळात सहा वेळा येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते, आईलाही रक्तस्राव आणि ताप विचारते. त्रेचाळिसाव्या दिवशी मात्र घरच्या हिशेबानं आणि सरकारच्या हिशेबानंही बाळंतपण संपलेलं असतं. त्यानंतर त्या शरीराबद्दल बोलतात ते फक्त टोमणे मारणारे आणि काहीतरी विकणारे.

मग ही बाई दुकानात जाते आणि तिथल्या मापात बसत नाही. ही तयार मापं आली कुठून? १९३९-४० साली अमेरिकेच्या कृषी खात्यानं सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली आणि हिशेबात फक्त गोऱ्या बायका धरल्या. तयार कपड्यांच्या मापाचं प्रमाण त्यातून १९५८ साली तिथे ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. पुढे ज्या त्या कंपनीनं आपापलं माप चालवलं. आपल्याकडचा तयार कपड्यांचा बाजारही वर्षानुवर्षं परदेशी मापांवरच चालला. भारतीय माणसांची मापं घेण्याचा प्रकल्प केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी जाहीर केला तो २०१८ साली. सुमारे २५ हजार स्त्री-पुरुष मोजायचं ठरलं. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं आपल्याला कुणी मोजलंच नव्हतं, आणि तरी ‘मापात न बसणाऱ्या’ आपणच!

आपल्या आज्यांच्या अंगावर नऊवारी लुगडं होतं. त्याला नंबर नव्हता. बाई बारीक असो, गरोदर असो, चार पोरांची आई असो, तेच लुगडं ती नेसायची. चोळीला पुढे गाठ असायची. अंग भरलं की गाठ सैल करायची, पोराला पाजायचं की सोडायची. हे सांगताना जुन्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्याच काळात ब्राह्मण घरातल्या विधवेच्या अंगावरून चोळी काढून घेऊन तिला आलवण नेसवलं जात होतं. बाईनं काय ल्यावं हे तेव्हाही दुसरेच ठरवत होते. पण कपड्यानं शरीराप्रमाणे बदलायचं, ही साधी अक्कल त्या गाठीत होती. आज चोळीच्या जागी मापाचा हुकांचा ब्लाऊज आला आणि ती अक्कल गेली.

आज त्या गाठीची जागा कुणी घेतली असेल तर ती गाऊननं. स्वस्त, सैल, पुढून उघडणारा, अंग वाढो की कमी होवो, बसणारा. म्हणूनच लेकुरवाळ्या बाईनं तो आपलासा केला. त्याचं काय झालं? २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात, दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड, असा फलक लागला. लावणारं महिला मंडळच होतं. २०१८ साली आंध्र प्रदेशातल्या एका गावानं सकाळी सात ते संध्याकाळी सात गाऊनला बंदी घातली, दंड २ हजार रुपये. बाईला मापाचा दुसरा कपडा परवडतो का, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. दंड मात्र ठरला.

आता आपल्याच चळवळीतल्या मैत्रिणींचा आक्षेप. “अगं, पाणी नाही, रेशन नाही, नवरे मारतात आणि तू कपड्यांचं काय घेऊन बसलीस? हा मध्यमवर्गीय बायकांचा प्रश्न आहे.” मला हे पटत नाही. मध्यमवर्गीय बाई निदान दुसरा ब्लाऊज शिवून घेते. वस्तीतल्या बाईकडे बाहेर जायचे दोन ब्लाऊज असतात, लग्नात शिवलेले. पहिल्या मुलानंतर बाजूची शिलाई उसवायची. दुसऱ्यानंतर काखेत वेगळ्या कापडाचा तुकडा लावायचा. तिसऱ्या वेळी उसवायला काही उरत नाही. मग शाळेच्या पालकसभेला जायचं नाही. बँकेत जायचं नाही. बचत गटाच्या बैठकीला ‘डोकं दुखतंय’ असा निरोप पाठवायचा. आमच्या गटातल्या एका बाईनं पाच महिने असा निरोप पाठवला. घरी गेले तर म्हणाली, “ताई, हुक लागत नाही. पदर सरकला तर काय दिसेल?” जिच्या नावावर कर्ज आहे ती बाई हुकापायी सहीला येत नसेल, तर हा नटण्याचा प्रश्न राहिला का? घराबाहेर पडण्याचाच प्रश्न आहे हा.

आणखी एक गोष्ट आपण फार कमी बोलतो. बाळंतपणानंतर खोकलं, हसलं, हंडा उचलला की थेंब थेंब लघवी होणाऱ्या बायका कितीतरी आहेत. काहींचं अंग बाहेर येतं. त्या गडद साडी नेसतात ती बारीक दिसण्यासाठी नव्हे, डाग दिसू नये म्हणून. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करून यातल्या बऱ्याच जणींना आराम पडतो, पण तपासायला कुणी नेलं तर ना! डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. पदराखाली झाकलेलं दुखणं केवढं असतं, ते या आकड्यांनी दाखवलं.

कपड्याच्या काचानं होणाऱ्या इजेचाही विचार करा. परकराची नाडी एकाच जागी वर्षानुवर्षं करकचून बांधली की कातडी काळी पडते, सोलते, जखम होते. क्वचित त्या जुनाट जखमेचा कर्करोगही होतो. वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची नोंद २०२४ साली वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. घाबरून जाऊ नका, हे फार दुर्मीळ आहे. पण नाडीखाली न भरणारी जखम असेल तर दवाखान्यात दाखवा, आणि नाडी सैल करा, पट्टा रुंद करा. पोट आत दिसावं म्हणून कातडी सोलून घेण्याइतकं ते दिसणं मोलाचं नाही.

कुणी म्हणेल, मग वजन वाढतच जाऊ द्यायचं का? नाही. गरोदरपणात साखर वाढली असेल तर पुढेही तपासत राहा. रक्तदाब बघा, हिमोग्लोबिन बघा, चाला, नीट जेवा. ते स्वतःसाठी करा. पण त्याचा आणि आज अंगाला बसणारा कपडा मिळण्याचा काय संबंध? ‘बारीक झाले की शिवीन’ म्हणत कित्येक जणी चार-चार वर्षं काढतात. कपडा हे बारीक होण्याचं बक्षीस नाही. आज जे अंग आहे त्याच अंगानं आपण पाणी भरतो, पोरं उचलतो, कामाला जातो. त्याला आज कपडा हवा.

समुपदेशन केंद्रात बायका मारहाणीच्या तक्रारी घेऊन येतात. बोलायला लागल्या की त्यामागे शरीरावरून केलेल्या टोमण्यांची वर्षं निघतात. ‘म्हैस’, ‘पिंप’, ‘तुला बाहेर न्यायची लाज वाटते’. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, “मस्करी केली, मॅडम.” मैत्रिणींनो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात अपमान, हेटाळणी आणि नावं ठेवणं हा शाब्दिक व भावनिक छळ धरला आहे. बायकोला अन्न, कपडे, औषध न पुरवणं ही आर्थिक हिंसा आहे, आणि तक्रार नोंदवण्याच्या नमुन्यात तसं लिहिलेलं आहे. दर टोमण्यासाठी कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पण ज्याला ते मस्करी म्हणतात त्याला कायद्यात दुसरं नाव आहे, एवढं प्रत्येकीला माहीत हवं.

तर मागायचं काय? नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर नव्या मापाचा गणवेश मिळाला पाहिजे. कारखाना असो, दवाखाना असो की सुरक्षारक्षकाचं काम, जुनाच गणवेश अंगावर चढवण्याची सक्ती नको. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी हा कायद्यातला हक्क आहे. मग पाजायला सोपा, पुढून उघडणारा गणवेश हवा आणि आडोशाची जागाही हवी. सरकारी दवाखान्यात बेचाळीस दिवसांनंतरही आईची तपासणी व्हावी, पोटाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकवावेत. साडीला जोडलेला ८० सेंटीमीटरचा ब्लाऊजपीस ज्यांना पुरत नाही अशा बायका आहेत, हे गणवेशाच्या साड्या वाटणाऱ्या खात्यांना लेखी कळवलं पाहिजे.

आणि आपल्या हातातलं? शिवणकामात शिलाईच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. ब्लाऊज शिवायला टाकताना दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडायला सांगा, हुकांच्या दोन ओळी लावून घ्या. आपल्या गटांत शिवण येणाऱ्या बायका आहेत. महिन्यातून एक दुपार सगळ्यांनी घट्ट झालेले ब्लाऊज घेऊन बसू आणि उसवून सैल करू. घरखर्चाच्या वहीत मुलांच्या कपड्यांखाली आपल्या कपड्यांची एक ओळ लिहू. बाळंतिणीला भेटायला गेलो की ‘किती जाड झालीस’ किंवा ‘किती बारीक झालीस’ यातलं काहीच बोलायचं नाही. झोप मिळते का, दुखतंय का, जेवलीस का, हे विचारायचं.

पुढच्या बैठकीत या मागण्यांचं निवेदन लिहायला घेऊ. येताना सैल, मोकळं, अंगाला सुखाचं वाटेल ते घालून या. गाऊन घालून आलात तरी दंड नाही!