दहा दिवसांची मावशी

परवा रात्री साडेनऊला मैत्रिणीचा फोन आला. तेव्हाच्या औरंगाबादला आम्ही दोघी बी.ए.ला एकाच बाकावर होतो. ती जालन्याची, ख्रिस्ती घरातली. नाताळानंतर तिच्या घरून आलेल्या करंज्यांवर आमचं अख्खं होस्टेल तुटून पडायचं. आता तिची लेक अमेरिकेत शिकते. तिथल्या चर्चमधल्या पोरापोरींचा ग्रुप सुट्टीत आफ्रिकेतल्या एका अनाथाश्रमात सेवेला चाललाय. मुक्काम दहा दिवसांचा. मुलांना गाणी शिकवायची, खेळ घ्यायचे, भिंती रंगवायच्या, सोबत प्रार्थना करायची. खर्चासाठी प्रत्येकीनं तीन हजार डॉलर जमवायचे.

"अगं, तू अशा कामांत असतेस म्हणून विचारते. जाऊ देऊ का तिला? पुण्याचंच काम आहे ना?"

मी पटकन 'हो' म्हणाले नाही. तिला वाटलं, चर्चचं नाव निघाल्यामुळे मी थबकले. मग तीच जरा अवघडली. पण तसं काही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे आमची संक्रांत उभी राहिली होती.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी आमचं महिला मंडळ संक्रांतीला एका बालगृहात गेलं होतं. तिळगूळ, फ्रॉक, वह्या, खाऊचे पुडे, सगळं साग्रसंगीत. फोटोही काढले. सहा-सात वर्षांची एक मुलगी दुपारभर माझा पदर धरून होती. मी तिची वेणी घातली, माझ्या ताटातलं तिला भरवलं. निघताना तिनं विचारलं, "काकू, परत कवा येताव?"

मी म्हटलं, "येते हं, लवकरच!"

त्या 'लवकरच'ला अकरा महिने लागले. सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी... कारणं काय, मिळतातच. थेट पुढच्या संक्रांतीच्या तयारीच्या वेळी पुन्हा गेले. ती होती. पण माझ्याकडं आली नाही. आमच्यातल्याच दुसऱ्या एका बाईचा पदर तिनं धरला होता, अगदी तसाच, मुठीत घट्ट. तिथं काम करणाऱ्या मावशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, येणाऱ्या सगळ्यांनाच ती अशी चिकटती. अन् तुमी गेल्यावर दोन दिवस नीट जेवत नाही."

आपण तिच्यावर माया करतो, असं मी समजत होते. ती माया कशी लावायची आणि कशी तोडायची याचा सरावच आम्ही त्या पोरीला देत होतो. संक्रांतीला आम्ही, पंधरा ऑगस्टला दुसरं मंडळ, मध्ये कुणाकुणाचे वाढदिवस!

पुढं कळलं ते आणखी बोचलं. ती अनाथ नव्हतीच. बाप वारला होता, आई मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला जायची. दिवाळीनंतर गेली की उन्हाळ्यापर्यंत पत्ता नाही. गावात म्हातारी आजी. मी आजीला भेटले तेव्हा ती म्हणाली, "लेकरू माझंच हाय ओ, पण खाऊ काय घालू?" (मुलीचं नाव, गाव लिहीत नाही. बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही, पेपरात फोटो छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. आमच्या मंडळाच्या अल्बममधल्या त्या फोटोंचं काय, हे विचारू नका.)

तर हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "पण तिकडची मुलं तर खरीच अनाथ असतील ना?"

असतीलही. पण खात्री करून घ्यायला हवी. कंबोडियात युनिसेफनं २०११ साली पाहणी केली, तेव्हा अनाथाश्रमांतल्या चारांपैकी सुमारे तीन मुलांची आई किंवा बाप जिवंत होता. देशातली अनाथ मुलं कमी होत होती आणि अनाथाश्रम मात्र वाढत होते. कारण पाहुणे येत होते, त्यांच्यासोबत देणग्या येत होत्या. पाहुण्यांना दाखवायला मुलं लागतात. मग गरिबाच्या घरी जाऊन 'शिकवतो, खाऊपिऊ घालतो' म्हणून मूल मागायचं. गरीब आई देते. का देणार नाही? आपल्या त्या आजीनं दिलंच की.

हैतीचं तर जगभर गाजलं. जानेवारी २०१०मध्ये तिथं मोठा भूकंप झाला. अमेरिकेतल्या चर्चची दहा माणसं मदतीच्या ओढीनं गेली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तेहतीस मुलांना बसमध्ये बसवून शेजारच्या देशात नेताना पकडली गेली. कागदपत्रं नव्हती. चौकशीत निघालं की त्यातल्या बहुतेक मुलांचे आईवडील हयात होते. त्या माणसांच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. पण मन चांगलं आहे म्हणून विचारायचंच नाही, हे कसं चालेल? पुढं २०१९च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही आलं, की अनाथाश्रमांतल्या अशा हौशी सेवेमुळे आणि पर्यटनामुळे मुलांचं जे नुकसान होतं ते सरकारांनी रोखावं.

आता कुणी म्हणेल, ही बाई ख्रिस्ती सेवेच्या विरोधात दिसते. बायांनो, उलट आहे! पुणे जिल्ह्यातल्या केडगावची पंडिता रमाबाईंची 'मुक्ती' आठवा. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या, उघड्यावर पडलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. तेव्हा मुक्तीत सुमारे दोन हजार जणी होत्या. त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल तिथल्याच बायकांनी छापखान्यात छापलं. तिथंही परदेशी बाया आल्या होत्या. मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन बाई १८९८मध्ये रमाबाईंच्या मदतीला आली. ती त्याआधी दहा-अकरा वर्षं मुंबईत होती, मराठी शिकलेली होती. दुष्काळातून आलेल्या मुलीला रात्री दचकून जाग आली तर तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला आधी ती भाषा यावी लागते. दहा दिवसांत 'पाणी' आणि 'नमस्कार' एवढंच शिकून होतं. रमाबाई तर १९२२मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिल्या. आजही मुक्तीचं काम चालू आहे.

मैत्रिणीला मी म्हटलं, मिशनची ही परंपरा तुझ्याच समाजाची आहे. तीच लेकीला सांग ना!

तिनं विचारलं, "पण मग एवढ्या पैशांचं काय? ती तर वर्गणी गोळा करायला लागलीय."

तीन हजार डॉलर म्हणजे अडीच लाखांहून जास्त. त्यातला बराचसा विमानाच्या तिकिटात जाणार. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. एक पालक गेलेला असेल, दोन्ही गेलेले असतील, घर मोडलेलं असेल, अशा मुलाला संस्थेत न टाकता घरातच सांभाळता यावं म्हणून महिन्याला पैसे मिळतात. २०२३ साली ही रक्कम अकराशेवरून सव्वादोन हजार झाली. म्हणजे वर्षाचे सत्तावीस हजार. एका तिकिटाच्या आणि मुक्कामाच्या पैशांत नऊ मुलं वर्षभर आपापल्या आजीपाशी, आईपाशी राहतील. हिशेब मी सिलिंडरच्या पावतीमागे केला, दोनदा तपासला.

संस्थाच नकोत, असं माझं म्हणणं नाही. काही लेकरांना खरंच कुणी नसतं. काहींना घरातच धोका असतो. तिथं चांगलं बालगृह देवासारखं. पण तिथं गरज असते ती रोज रात्री त्याच बिछान्याशी येणाऱ्या त्याच मावशीची. तिचा पगार वेळेवर व्हावा म्हणून कुणी वर्गणी काढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. भिंती रंगवायला मात्र सगळे तयार. भिंत रंगवायला तिथल्या गावात रंगारी नाहीत का? त्यालाही चार दिवसांची मजुरी मिळाली असती.

शेवटी मी तिला सांगितलं, लेकीला म्हणावं, ग्रुपच्या प्रमुखाला आधी विचार. या मुलांचे आईवडील, आजी-आजोबा आहेत का, याचा शोध कुणी घेतला? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? आश्रमाची सरकारदरबारी नोंदणी आहे का? तू गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात कोण येणार आहे, आणि त्याच्या दुसऱ्या आठवड्यात? उत्तरं पटली तर जा, पण मुलांना कवटाळायला जाऊ नकोस. तिथल्या शिक्षिकेला, मावशीला काय हवंय ते बघ. नाही पटली, तर पैसे घराला आधार देणाऱ्या एखाद्या संस्थेला पाठव.

चार दिवसांनी मैत्रिणीचा पुन्हा फोन. लेक आधी खूप रागावली म्हणे. "मम्मी, तुझ्या मैत्रिणीला सगळ्यात खोटच दिसते." मग तिनं प्रश्न विचारले. पहिल्याच प्रश्नाला उत्तर आलं, 'बघून सांगतो'. तिचं जाणं अजून ठरायचं आहे.

आमच्या मंडळाचंही ठरायचं आहे. यंदा संक्रांतीला बालगृहात वाण नको, त्या पैशांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी गावातच काही करू, असं मी बैठकीत म्हटलं. दोघी हो म्हणाल्या. एकीनं विचारलं, "मग फोटो कशाचा काढायचा?" सगळ्या हसल्या, पण विषय पुढच्या बैठकीवर गेला.

त्या मुलीच्या आजीला घेऊन मी सोमवारी हिंगोलीला महिला व बालविकासच्या ऑफिसात जाणार आहे. बापाचा मृत्यूचा दाखला सापडला, रेशनकार्डही आहे. शाळेचं बोनाफाईड आणि आजीचं पासबुक तेवढं राहिलंय. सकाळच्या एसटीनं निघायचं ठरलंय. आजी म्हणते, भाकरी मी बांधून आणीन, तुमी काही आणू नका.