पोट चोळू नका, घड्याळ पाहा

मुलाच्या पोटात दुखू लागलं की आपल्या वस्त्यांत अजूनही डॉक्टर शेवटी आठवतो. कुणी म्हणतं बेंबी सरकली, तेल लावून चोळा. कुणी दृष्ट काढतं. मग मेडिकलमधून गोळी येते आणि रात्र जाते. दुखणं अपेंडिक्सचं असेल तर हीच रात्र महागात पडते. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं की पू पोटात पसरतो आणि जिवावर बेतू शकतं.

हा आजार ओळखण्याची सुरुवात घरातच होते, असं आमचं म्हणणं आहे. दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत ओटीपोटात उजव्या बाजूला सरकतं. आधी दुखणं, मग उलटी. भूक मरते, बारीक ताप येतो. मूल वाकून चालतं, खोकलं किंवा उडी मारली की कळवळतं. पाच वर्षांखालच्या मुलांत मात्र चित्र इतकं स्पष्ट नसतं. त्यांना नीट सांगता येत नाही, जुलाबही होतात, म्हणून अनेकदा अपेंडिक्स फुटल्यावरच कळतं. जोराचं दुखणं एकदम थांबलं आणि मूल मलूल पडलं, तर ते बरं झालं असं समजू नका.

मुलग्याला अंडकोषात दुखतंय का, हेही विचारा. लाजेपायी मुलं सांगत नाहीत आणि तिथला पीळ काही तासांतच सोडवावा लागतो. मुलीचं दुखणं ‘पाळीचं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठून कुठे गेलं, उलटी कधी झाली, कोणती गोळी दिली, हे कागदावर लिहा. जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नका. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर, कांदिवलीचं बाबासाहेबांच्या नावाचं शताब्दी ही महापालिकेची रुग्णालयं आपलीच आहेत. ओपीडी बंद असली तर थेट अपघात विभागात जा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. लहान मुलाला सायनला किंवा परळच्या वाडियाला पाठवलं, तर सकाळची वाट पाहू नका.

डॉक्टर पोट दाबून पाहतात, रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. पण सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही म्हणजे आजार नाही, असं नव्हे. काही तासांनी पुन्हा पोट तपासणं हीसुद्धा तपासणीच आहे. म्हणून घरी पाठवलं तर विचारा, ‘साहेब, दुखणं थांबलं नाही तर किती तासांनी परत आणू?’ हे विचारणं उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

ऐकीव आहे किंवा परंपरेने चालत आलंय म्हणून काही मानू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. सरकलेली बेंबी आणि दृष्ट यांनाही तोच नियम लावू या. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात ही लक्षणं मोठ्याने वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतील.

जय भीम!