फुलं नव्हे, हाडं पाहा

उत्तर इराकच्या कुर्दिस्तानात, झाग्रोस पर्वतात शानिदार नावाची मोठी गुहा आहे. राल्फ सोलेकी या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने 1951 ते 1960 या काळात तिथे उत्खनन केलं आणि सुमारे 40 हजार वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या निअँडरथल या आदिमानवांपैकी दहा जणांचे अवशेष हाती आले. त्यांतल्या चौथ्या सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांचे परागकण पुंजक्यांनी आढळले. मग जगभर कहाणी पसरली, की या माणसांनी आपल्या मृताला फुलं वाहिली होती.

कहाणी सुंदर आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. बिळात राहणारे उंदरासारखे प्राणी फुलं ओढून नेतात, जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्याही पराग साठवतात. अलीकडच्या अभ्यासात मधमाश्यांचीच शक्यता जास्त दिसते.

माझ्या मते शानिदारचा खरा ठेवा 1957 मध्ये सापडलेला पहिला सांगाडा आहे. हा पुरुष चाळिशीत पोहोचलेला होता. त्या काळी ते चांगलंच वय. तरुणपणीच कधीतरी डाव्या डोळ्यापाशी जबर मार बसून खोबणीचं हाड चेपलेलं, त्या डोळ्याने बहुधा दिसत नसावं. उजव्या दंडाचं हाड वाळून बारीक झालेलं, कोपरापुढचा हातच नाही. उजवं पाऊल मोडून जुळलेलं, म्हणजे चाल लंगडी. शिवाय 2017 च्या अभ्यासानुसार कानांच्या नलिकांत हाड वाढून त्याला ऐकूही फारसं येत नसावं.

मेलेल्याचं हाड सांधत नाही. या माणसाच्या जखमा भरून आल्या आहेत, म्हणजे त्या झाल्यावर तो अनेक वर्षं जगला. काही अभ्यासक बजावतात, की हाडांवरून माया वाचू नका, अपंग माणूस स्वतःच्या हिकमतीवरही जगू शकतो. हा इशारा रास्त आहे आणि अपंग माणसाला नुसतं दुबळं समजणंही चूकच. तरीही श्वापदांच्या मुलखात, ऐकू न येणारा एकहाती माणूस एकटा इतकी वर्षं तगला असेल, हे मला पटत नाही. कोणीतरी त्याच्यासाठी थांबत होतं, शिकारीतला वाटा देत होतं.

कोणी म्हणेल, अनुभवी माणूस टोळीच्या उपयोगी पडतो म्हणून सांभाळला असेल. त्यावर स्पेनमधल्या कोवा नेग्रा गुहेतलं एक हाड पाहावं. एका निअँडरथल मुलाच्या कानाभोवतीच्या कवटीचा हा लहानसा तुकडा. त्याच्या आतली रचना स्कॅन करून तपासली, तेव्हा डाउन सिंड्रोमच्या खुणा दिसल्या. 2024 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी या मुलाला ‘टीना’ म्हटलं आहे. त्याला ऐकू कमी येत असणार, तोल जात असणार, भोवळ येत असणार. असं मूल टोळीला काय परत देणार होतं? तरी ते किमान सहा वर्षांचं झालं. एकट्या आईला हे झेपणं अवघड. इतरांचे हात लागलेच असणार.

आदिमानवाचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: दगडी हत्यारांची चित्रं जरूर दाखवा, पण शानिदारच्या त्या एकहाती माणसाची हाडंही मुलांना दाखवा आणि तो इतकी वर्षं कसा जगला असेल, हे त्यांनाच विचारा.